पानी नावाचा भोंगा

मी एक जुना भोंगा आहे. गिरणीचा नव्हे, मिरवणुकीतला तर मुळीच नव्हे. नदीला पूर येतोय हे ओरडून सांगायचं, एवढंच माझं काम. मलावी देशात नाम्पेंडा नदीच्या काठी गोंबे नावाचं गाव आहे. तिथल्या शाळेच्या आवारात, एका लोखंडी खांबावर मी बसलेला असतो. माझ्या अंगाचा रंग उडाला आहे. तोंडात एकदा गांधीलमाश्यांनी घर केलं होतं. रोज सकाळी पांढऱ्या छातीचा एक कावळा माझ्या डोक्यावर येऊन बसतो आणि जे करायचं ते करून जातो. त्याला मी काही करू शकत नाही. मित्रांनो, मी बऱ्याच गोष्टींना काही करू शकत नाही. ते कसं, ते ऐका.

माझं मूळ गाव कोणतं असं विचाराल तर पंचाईत होईल. माझं तोंड नैरोबीच्या बाजारातलं, सोलरची पाटी चीनमधली. आतलं सर्किट आसामचं आणि ते सगळं जोडणारे हात गोंब्याच्या एनेलेसीचे. आसामात ब्रह्मपुत्रेच्या काठावर एक पत्र्याची कार्यशाळा होती. पुराच्या गावांतल्या बायकांना तिथे भोंगे जोडायला शिकवत. नेपाळची एक होती, मोझांबिकची एक, बोलिव्हियाची एक आणि मलावीची ही एनेलेसी. शिकवणारी होती जुनाली. तिचं स्वतःचं घर दोनदा वाहून गेलेलं. एकीची भाषा दुसरीला कळत नव्हती. त्यामुळे सगळं शिक्षण हातवाऱ्यांनी, वायरींच्या रंगांनी आणि हसण्याने व्हायचं. चुकलं की जुनाली कपाळावर हात मारायची, जमलं की चहा पाजायची. एनेलेसीला पहिल्या आठवड्यात चहा फारसा मिळाला नाही. पुढे मात्र ती इतकी तरबेज झाली, की नेपाळच्या बाईचं झाळकामही तीच तपासून देऊ लागली.

तिथे एक कवायत असायची. जुनाली मगभर पाणी घेऊन भोंग्याच्या पितळी काड्यांवर ओतायची आणि 'पानी! पानी!' असं ओरडायची. आसामीत पाण्याला पानी म्हणतात. मग सगळ्या बायकांनी 'पानी! पानी!' ओरडत जिना चढून वर पळायचं. बोलिव्हियाची बाईसुद्धा पानी म्हणूनच पळायची.

एनेलेसी माझे सुटे भाग पोत्यात घालून घरी घेऊन आली. मित्रांनो, माझे कान आणि तोंड एका ठिकाणी नाहीत. नदीच्या वरच्या अंगाला म्वाला नावाचं गाव आहे, तिथल्या पुलाखाली माझा कान, म्हणजे त्या पितळी काड्या. पाणी काड्यांना लागलं की तिथून बिनतारी निरोप येतो आणि इथे माझं तोंड उघडतं. म्वाल्यात पाणी चढल्यावर ते गोंब्याला पोचेपर्यंत लोकांना उंचावर जायला पुरेसा वेळ मिळतो. कानाची राखण म्वाल्याची डोरिका करते आणि ती एनेलेसीला फोनही करते. पहिली चाचणी झाली तेव्हा सगळा गाव जमला होता. मी असा काही केकाटलो, की मुखियाची कोंबडी झाडावर जाऊन बसली. एनेलेसीला आनंदाच्या भरात आपली भाषा आठवेना. ती 'पानी! पानी!' ओरडत शाळेच्या पायऱ्या चढली. पोरं तिच्या मागे पळाली. त्या दिवसापासून माझं नाव पानी पडलं.

पुढच्याच पावसाळ्यात मी खरा ओरडलो. खालच्या आळीतली घरं गेली, पण माणूस एकही गेलं नाही. बायकांनी माझ्या खांबाला नवं कोरं लुगडं गुंडाळलं आणि जीभ हलवत आनंदाचा गजर केला. एनेलेसीला तोवर सगळे 'तियामिकेची आई' म्हणायचे. तियामिके ही तिची एकुलती एक मुलगी. त्या पुरानंतर लोक तिला इंजिनियर म्हणू लागले. आधी चेष्टेने म्हणायचे, मग खरंच म्हणायला लागले. माझ्या पोटातल्या बॅटरीवर गावाचे फोन चार्ज होऊ लागले. मला ते आवडायचं नाही, पण मला विचारलं कोणी?

मग ती जाळ्याची भानगड झाली. गोंब्यात कबर खणणाऱ्यांना अझुकुलू म्हणतात. या शब्दाचा अर्थ नातवंडं. पण ही नातवंडं चांगली पन्नाशीची असतात. एरवी त्यांना कोणी विचारत नाही, मयताच्या दिवशी मात्र गावावर त्यांचंच राज्य. त्या दिवशी शेतात कुदळ मारायची नाही, रेडिओ लावायचा नाही. अझुकुलूंनी टिंगल केली तरी रागवायचं नाही. त्यांचा म्होरक्या बिझिवेक. त्याच्या थोरल्या भावाची प्रेतयात्रा निघाली होती, आणि तिकडे म्वाल्याच्या एका कोळ्याने ओलं जाळं वाळवायला नेमकं माझ्या पितळी काड्यांवर टाकलं. इकडे मी ओरडलो. लोकांनी शवपेटी रस्त्यात टाकली आणि धूम ठोकली. एकटा बिझिवेक भावाच्या पेटीजवळ उभा राहिला. पाणी काही आलं नाही. लांडगा आला रे आला झालं. बिझिवेकने कोणाला शिवी दिली नाही, पण त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी विसरलो नाही.

त्यानंतर अझुकुलूंनी नियमच केला. मयताच्या दिवशी भोंग्याचं तोंड बांधायचं. कोरड्या दिवसांत एक-दोनदा तसं झालंही आणि काही बिघडलं नाही.

मग मुखियाची आई वारली. भर पावसाळा होता. गोंब्यात मात्र लख्ख ऊन पडलं होतं. बिझिवेक कुदळ खांद्यावर टाकून चार-पाच जणांसह माझ्या खांबाखाली आला. एनेलेसी तिथेच होती.

"इंजिनियरबाई, तुमच्या बाळाचं तोंड बांधा," तो म्हणाला. "आज म्हातारीला शांतपणे जाऊ दे."

"दादा, पावसाचे दिवस आहेत. डोंगराकडे बघा, काळं झालंय."

"डोंगरावर रोजच काळं असतं. इथे बघ की! घामाने माझी टोपी भिजली."

"मग मी इथे बसते. खोटा ओरडला तर लगेच बंद करीन."

"बसते? म्हणजे मुखियाच्या आईच्या मयताला येणार नाहीस?" बिझिवेकने बाकीच्यांकडे पाहून डोळे मोठे केले. "ऐकलंत का रे? बरं बरं. मग तुझ्या मयताला आम्ही पण कुदळी आणणार नाही. तुझा खड्डा तूच खण. इंजिनियर आहेस, बनव एखादं यंत्र."

सगळे हसले. मित्रांनो, तुम्हालाही हे हसण्यावारी नेण्यासारखं वाटेल, पण गोंब्यात याहून मोठी धमकी नाही. जो दुसऱ्याच्या मयताला जात नाही, त्याच्या मयताला कोणी येत नाही. एनेलेसी तडक मुखियाकडे गेली. चटईवर मान खाली घालून बसलेला मुखिया मला वरून दिसत होता.

"बाबा, तुम्ही सांगा त्यांना. तुमचं ऐकतील."

"आज माझा शब्द चालत नाही, पोरी," तो म्हणाला. "आज मी मुखिया नाही. मेलेल्या बाईचा मुलगा आहे फक्त."

ती परत आली. कमरेची किल्ली काढून तिने खांबावरची माझ्या पोटाची पेटी उघडली आणि गळ्याजवळची लाल वायर उपसली. तिचा फोन बंद पडायला आला होता, तो तिने पेटीत चार्जिंगला लावला. मग पेटीला कुलूप घालून ती उतारावरून खाली ओरडली. खालच्या आळीत तियामिकेचं घर होतं. तियामिके बाळंतीण होती. पोर महिन्याचंही नव्हतं. बाळंतिणी आणि लहान मुलं स्मशानात जात नाहीत.

"तियामिके! दारातच बस. नदीवर लक्ष ठेव. मी माती देऊन आलेच."

"आई, तुला माझी काळजी आहे की त्या खांबाची?" तियामिके दारातूनच म्हणाली. तिच्या खांद्यावर बाळ होतं.

"दोघांची आहे. गप बस."

गाव गेला. स्मशान टेकाडापलीकडच्या झाडीत आहे. गाण्यांचा आवाज लांब लांब गेला आणि शेवटी ऐकू येईना. शाळेच्या पटांगणात पोरं चिंध्यांचा चेंडू खेळत होती. खालच्या आळीत तियामिके, तिची शेजारीण आंधळी आगोगो सिगेले आणि स्मशानापर्यंत चालू न शकणारी काही म्हातारी माणसं होती. आगोगो म्हणजे आजी.

तेवढ्यात माझ्या खालच्या काडीला पाणी लागलं. वाटलं, असेल पुन्हा जाळं. मग मधल्या काडीला लागलं. मग वरच्या. जाळं असं पायरी पायरीने चढत नाही. डोंगरातला सगळा पाऊस नदीत उतरला होता. पेटीवरचा लाल दिवा लागला. 'ओरड' असा निरोप माझ्या गळ्यापर्यंत आला आणि उपसलेल्या वायरीशी थांबला. आपण म्हणतो ना, तोंड दाबून बुक्क्यांचा मार? मी तो खाल्ला आहे.

मग माझ्या पोटात एनेलेसीचा फोन वाजायला लागला. डोरिका म्वाल्याहून करत होती. फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. मी काय करणार? मला हात नाहीत. फोन असा वाजत होता आणि मी असा गप्प होतो, आणि या दोन गोष्टींच्या मध्ये एक वीतभर वायर होती. त्या वेळी मला माझी स्वतःचीच इतकी लाज वाटली, की कोणीतरी मला उपटून नदीत फेकावं असं वाटलं.

फोनच्या आवाजाने पोरं खांबाजवळ आली. त्यांनी लाल दिवा पाहिला. लाल दिवा म्हणजे काय, ते एनेलेसीने त्यांना शिकवलं होतं. पेटीला कुलूप होतं, पण पोरांना गळे होते. त्यांनी माझी नक्कल सुरू केली. ती नक्कल पोरं रोजच खेळात करायची. 'ऊंऽऽऽ पानी! पानी!' करत सगळी पोरं उताराच्या तोंडाशी गेली.

"गप्प बसा रे मेल्यांनो!" खालून एक म्हातारा ओरडला. "मुखियाच्या घरात मयत झालंय आणि यांना खेळ सुचतोय!"

तियामिके मात्र बाहेर आली. तिने आधी नदीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. लाल दिवा दिसताच तिने बाळाला पाठीशी बांधलं आणि आगोगोच्या दाराशी गेली.

"आगोगो, उठा. पूर येतोय."

"पूर असता तर पानी ओरडला असता," आगोगो आतून म्हणाली.

"त्याचं तोंड बांधलंय आज!"

"कोणी बांधलं?"

"अझुकुलूंनी."

"मग विचार करूनच बांधलं असेल. तू नको घाबरू, पोरी. बाळंतिणीला असं होतं."

तियामिके धावत वर आली. तिने बाळ पोरांपैकी सगळ्यांत मोठ्या मुलीच्या मांडीवर दिलं. "पायऱ्यांवरून हलायचं नाही," असं सगळ्यांना बजावून ती पुन्हा खाली गेली. तिची हाक ऐकून दोघं-तिघं म्हातारे काठ्या टेकत वर निघाले. त्यांना तिने उतारापर्यंत आणून सोडलं आणि आगोगोसाठी परत फिरली. आगोगोला तिने पाठीवर घेतलं. आगोगो तिला वाटभर रागवत होती, ते मला ऐकू येत होतं. तेवढ्यात नदी वळणावरून आली. तपकिरी पाणी, त्यात मक्याची ताटं, एक दार, एक बकरी. दोघी उतारापर्यंत पोचल्या नाहीत. मला सगळं दिसत होतं, कारण मला उंचावर बसवलं आहे. पोरं पायऱ्यांवरून ओरडत राहिली. आता त्यांना गप्प बसा म्हणायला खाली कोणी नव्हतं.

नदीचा गडगडाट ऐकून गाव धावत परत आला तेव्हा पाणी शाळेच्या कुंपणाला लागलं होतं. एनेलेसी सगळ्यांच्या पुढे होती. तिने त्या मोठ्या पोरीच्या मांडीवर बाळ पाहिलं आणि विचारलं, "हिची आई कुठे आहे?" पोरं एकमेकांकडे बघू लागली. एनेलेसीने बाळ उचललं आणि ती माझ्या खांबाला टेकून खाली बसली. तिला रडता येत नव्हतं. बाळ मात्र भुकेने रडत होतं.

पाणी ओसरल्यावर दोघी सापडल्या. आगोगोचे हात अजून तियामिकेच्या गळ्यात होते. त्यांची माती ठरली, त्या दिवशी डोंगर पुन्हा काळा झाला होता. अझुकुलू टेकाडाकडे निघाले. माझं तोंड बांधा असं त्या दिवशी कोणी म्हणालं नाही. वायर एनेलेसीने आधीच जोडली होती, आणि ती माझ्याखाली बाळाला घेऊन बसली होती. शवपेट्या उचलायची वेळ झाली तरी ती उठेना. बायका आल्या, समजावून गेल्या. शेवटी बिझिवेक आला. त्याचे हात कोपरापर्यंत मातीने भरले होते. मयताच्या दिवशी अझुकुलूंनी थट्टा करायची असते. त्याने एकही केली नव्हती.

"तू जा," तो म्हणाला. "मुलीला माती दे. मी बसतो इथे."

"तू बसलास तर खड्डा कोण खणणार?"

"खणतील बाकीचे."

"आणि नदी वाढली तर तुला काय करायचं ते ठाऊक आहे? वायर कुठली काढायची एवढंच ठाऊक आहे तुला."

तो मग मान खाली घालून निघून गेला. पोटच्या मुलीच्या मातीला एनेलेसी गेली नाही. टेकाडापलीकडून गाणं ऐकू येत होतं, तेव्हा ती माझ्या दिव्याकडे बघत होती. त्या दिवशी पूर आला नाही. आला असता तर निदान गावाला तिचं बसणं समजलं असतं.

मित्रांनो, याला आता बरीच वर्षं झाली. एनेलेसी पावसाळ्यात कोणाच्याच मयताला जात नाही. डोक्यावर पिठाच्या टोपल्या घेतलेल्या बायका शाळेवरून मयताच्या घरी जातात, तेव्हा तिच्याकडे न बघता जातात. तिचा राग करतात असं नाही. तिच्याशी काय बोलावं ते कोणाला कळत नाही. मी असल्यामुळे आणखी दोन पुरांतून गाव वाचला. फोटो काढायला शहरातून माणसं आली. माझा फोटो काढला, तिचाही काढला. तिने फोटोत माझ्या खांबाला हात लावला होता.

जुनाली अजून तिला फोनवर निरोप धाडते. आता दोघींची मिळून एक मोडकीतोडकी भाषा झाली आहे. मागे एकदा ती म्हणाली, "एकटी का बसतेस? इथे आम्ही आळीपाळीने बसतो. आज ही, उद्या ती. कोणाच्या घरी काही झालं तर दुसरी येते." एनेलेसीने तो निरोप दोनदा ऐकला. माझं सर्किट समुद्र ओलांडून आलं, काड्या आल्या, वायरी आल्या. आळीपाळीने बसायची ही रीत मात्र कोणी पोत्यात भरली नाही. ती शिकवायची असते हे जुनालीला वाटलं नसेल, आणि विचारायची असते हे एनेलेसीला. नंतर एनेलेसीने गावात खूप जणींना विचारलं. 'शिकायला येऊ, पण मयताच्या दिवशी बसायला सांगू नका,' असं सगळ्या म्हणाल्या.

माझ्या बॅटरीत आता पूर्वीसारखा दम नाही. नवी कधीतरी येईल. माझी काळजी घ्या असं मी तुम्हाला सांगणार नाही. मी गंजलो तर मला घासता येतं, तुटलो तर झाळता येतं. तुमच्या गावात कोणी असं एकटं राखण करत बसलेलं असेल, धरणावर, फाटकावर, कुठेही, तर त्याच्याकडे जा. आधी त्याचं काम शिकून घ्या, आणि मग म्हणा, 'तू जा, आता मी बसतो.'

आज शाळेच्या म्हाताऱ्या मास्तरांचं मयत आहे. गाव टेकाडापलीकडे गेला आहे. तियामिकेची मुलगी दूरच्या शाळेत आहे, ती शनिवारी येईल. डोंगरावर काळं झालं आहे. एनेलेसी माझ्याखाली बसली आहे आणि सकाळपासून तिला ताप आहे. आता ती बसल्या जागी कुशीवर कलंडली आहे. माझी वायर जोडलेली आहे, तोंड मोकळं आहे. पण मला ओरडता येतं ते फक्त नदीच्या पाण्यासाठी. 'हिला बरं नाही, कोणीतरी या हो' असं ओरडायची माझ्यात कोणी सोय केलेली नाही.